मावशीची कापलेली साक्ष

मी ज्या क्लासमध्ये नोकरी करत होते तिथल्या सरांचं एक ठाम म्हणणं होतं. मुलगा पहिल्या मिनिटात धरला तर धरला, नाहीतर तो गेला. सर फिजिक्स शिकवायचे. त्यांची शिकवणी रेकॉर्ड करायची, कापून नीट करायची आणि इंटरनेटवर टाकायची हे माझं काम. तासाभराच्या शिकवण्यातून फळा पुसणं, खोकणं, मागच्या बाकावरच्या पोराला दिलेला दम असं सगळं मी काढून टाकत असे. सर म्हणायचे, "सगळ्यात भारी वाक्य शोधा, उचला आणि पुढं आणून ठेवा." मला ते जमायचं. लातूरच्या ट्युशन एरियात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि असं काम येणाऱ्याला मागणी होती. चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली, घरातली पहिली पदवीधर मी. मला माझ्या या हातचलाखीचं फार कौतुक होतं.

तीच हातचलाखी मी पुढे आमच्या प्रार्थनेच्या कामाला लावली. त्यात मावशीचं जे मोडलं ते अजून जुळलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात आजोबांच्या काळापासून प्रार्थना आहे. घरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होतं, पण वाचणारं कोणी नव्हतं. लातूरच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा गावात यायचे तेव्हा ते फडक्यातून बाहेर निघायचं. मी चौथीत गेले आणि रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायला लागले. वडील दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून यायचे, तरी हातपाय धुऊन, टोपी काढून समोर बसायचे. अडखळले तर म्हणायचे, "दमानं वाच. शब्द कुठं पळून चाललाय?" आपल्या तोंडून निघालेलं कोणीतरी इतकं मन लावून ऐकतं, हे सुख मला तेव्हा कळलं. पुढे इंटरनेटवर जे केलं त्यामागे हेच सुख होतं असं मला वाटतं.

दहावी झाल्यावर पाळकसाहेबांनीच मला लातूरला आणलं. कॉलेजात नाव घातलं आणि एका खाणावळीच्या दारात उभं केलं. खाणावळ चालवणारी बाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली.

"ही आपली लेक," पाळकसाहेब म्हणाले. "बारावी करायची हाय हिला."

"खाती का नीट?" तिनं विचारलं. "न खाणारी पोरगी मला नगं. दुसरीकडं बघा."

तीच मावशी. दोन वर्षं मी तिच्याकडे जेवले आणि तिच्याच मागच्या खोलीत राहिले. तिच्याकडे चाळीसेक पोरं जेवायची, सगळी डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली. ती सगळ्यांना टोमणे मारायची आणि सगळ्यांना पोटभर वाढायची. "काय गं डॉक्टरीन, वरणात काय शोधायलीस? मासा न्हाई त्यात." देवणीकडचा एक मुलगा अर्धी भाकरी टाकून उठायचा, त्याला म्हणायची, "देवणीचा हायस म्हणून कुणाला सांगू नगं बाबा. तिथल्या नावाजलेल्या बैलांचा आब जाईल." परीक्षेच्या दिवसांत कोणी न जेवता गेलं तर लंगडत लंगडत रस्त्यापर्यंत मागे जायची. तिचा डावा पाय भूकंपात गेला होता. म्हणजे होता, पण नीट टेकत नव्हता.

मावशी किल्लारीकडच्या एका गावची. भूकंपात तिचा नवरा गेला, सासू गेली आणि थोरल्या जावेचा चार वर्षांचा मुलगा गेला. जाऊ तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. मुलाला चुलतीचा फार लळा होता, म्हणून तो मावशीपाशीच राहिला होता. मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. तिला दुसऱ्या दिवशी दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. नंतर ती लातूरच्या दवाखान्यात पडून होती. आमच्या मंडळीतली एक म्हातारी तिथे रोग्यांची सेवा करायला जायची. ती मावशीच्या उशाशी बसून राहायची, फारसं काही न बोलता. बरी झाल्यावर मावशी आमच्याकडे रविवारी यायला लागली. सासरच्यांनी कधी हरकत घेतली नाही. जाऊ म्हणायची, "तिचं मन लागतं ना तिथं? मग जाऊ द्या की."

मावशी दवाखान्यात होती तेव्हाच जाऊ तान्ही मुलगी छातीशी धरून तिला बघायला आली होती. तिनं एवढंच विचारलं, "त्याला लई लागलं का?" मावशी म्हणाली, "झोपेतच गेला, अक्का. जागाच झाला न्हाई." जावेनं ती मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. ही हकीकत मी मावशीकडूनही ऐकली होती आणि जावेकडूनही. दोघी ती एकाच शब्दांत सांगायच्या.

जाऊ वर्षातून दोन-तीनदा लातूरला यायची आणि आठ-आठ दिवस राहायची. दोघी बोलत बसल्या की ऐकत राहावं असं वाटायचं.

"शहरात राहून भाकरी पातळ झाली तुझी."

"तुझ्या दाताला जाड चालती का आता, म्हातारे?"

"म्हातारी कोण गं? दोन वर्षांनी तर मोठी हाय तुझ्याहून."

"ती दोन वर्षं तू जेवत बसलीस, मी काम करत व्हते."

मुलगी मोठी होत गेली. शाळेला सुट्टी लागली की ती काकूकडे. माणसं विचारायची, कुणाची गं तू? ती म्हणायची, "दोघींची."

मी नांदेडला पदवी घेतली, परत लातूरला आले, क्लासमध्ये लागले, लग्न झालं. मधली वर्षं भराभर गेली. गावोगावी फोनवर नेट आलं तेव्हा पाळकसाहेब थकले होते. खेड्यांवर जाणं त्यांना झेपत नव्हतं. मंडळीतली निम्मी घरं कामाला पुण्याकडे, हैदराबादकडे गेली होती. मी त्यांना म्हटलं, तुमचा उपदेश मी रेकॉर्ड करते, यूट्यूबवर टाकते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. ज्यानं आयुष्यात कधी प्रभूचं नाव ऐकलं नाही त्याच्याही हातात जाईल.

"माझा आवाज फोनमधी कसा येईल?" त्यांनी विचारलं.

"घशाला आराम दिलात तर चांगला येईल."

ते हसले आणि हो म्हणाले.

आमचं प्रार्थनेचं ठिकाण म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड. पुढे पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, कोपऱ्यात ढोलकी. मी क्लासमधल्यासारखाच स्टँडवर कॅमेरा लावला. पहिल्या आठवड्यात सगळे अवघडले, मग कॅमेऱ्याला विसरले. उपदेश मी टाकत गेले, पण तो फारसं कोणी बघत नव्हतं. बघितल्या जायच्या त्या साक्षी. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कोणीही उठून आपल्या आयुष्यात काय घडलं, देवानं कसं सांभाळलं ते सांगतं. त्याला साक्ष म्हणतात. एकाची दारू सुटलेली असते, एखादीचा मुलगा परत आलेला असतो. साक्ष देणाऱ्याचं बोलणं मधे तोडत नाहीत. तो थांबला तर सगळे थांबतात, कितीही वेळ. बोलणं संपलं की जवळचं कोणीतरी उठून शेजारी जाऊन उभं राहतं. आणि ऐकलेलं घरी नेऊन त्यावर बोलत नाहीत. असा नियम कुठे लिहिलेला नाही. लहानपणापासून बघत आल्यामुळे सगळ्यांना तो माहीत असतो. मलाही होता.

साक्षी टाकायला लागल्यावर फोन यायला लागले. देवणीकडून, राज्याच्या सीमेपलीकडून, नांदेडहून. नांदेडची एक बाई, हिंदू घरातली, जवळजवळ रोज फोन करायची. तिचा तरुण मुलगा गेला होता. "ताई, नवीन काही टाकलं का? तुमच्या लोकांचं ऐकलं की मला जरा जेवण जातं," म्हणायची. मला किती बरं वाटायचं ते सांगता येणार नाही. वडील गेले होते, पण मला वाटायचं, आता आख्खा मराठवाडा समोर टोपी काढून बसला आहे.

मावशीनं वीस-बावीस वर्षांत कधी साक्ष दिली नव्हती. ती मागे, दारापाशी, पाय लांब करून बसायची. एका रविवारी ती उठली. त्या आठवड्यात पुतणीचं लग्न ठरलं होतं. जावेनं तिला सांगितलं होतं, "मांडवातलं सगळं तुझ्या हातात. स्वयंपाक, देणं-घेणं, मानपान, तू म्हणशील तसं. पोरगी तुझी हाय." मावशीनं पदर डोक्यावर घेतला, भिंतीला हात टेकला आणि हीच गोष्ट आधी सांगितली. मग म्हणाली, "माझ्यावर एवढा इश्वास टाकायली ती. आणि मी तिला खोटं बोललेय."

मुलगा झोपेत गेला नव्हता. घर पडलं तेव्हा तो तिच्या शेजारी होता आणि जिवंत होता. अंधारात तिला त्याचा हात सापडला. ती हात धरून राहिली. तो बोलत होता. मधेच झोपल्यासारखा व्हायचा, मग परत बोलायचा. बऱ्याच वेळानं वरून माणसांचे आवाज आले. तिचा एकच हात मोकळा होता, त्याच हातात मुलाचा हात होता. बाजूला एक तांब्या चेपून पडला होता. तिनं मुलाला विचारलं, "वाजवू का रे? वरच्यांना ऐकू जाईल." तो म्हणाला, "वाजव." मग तिनं त्याचा हात सोडला आणि दगड घेऊन तांब्यावर मारत राहिली. वरची माणसं निघून गेली. त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं परत हात पुढे केला तर मुलाचा हात सापडेना. माती सरकली होती की त्यानं हात काढून घेतला होता, तिला आजपर्यंत कळलं नाही. ती हाक मारत राहिली. तो बोलला नाही.

हे सांगताना ती कितीतरी वेळा थांबली. तांब्याबद्दल तर ती फार बोलली. तो कुणी घेतला होता, कुठल्या बाजारातून, त्याला कुठे पोचा होता. शेवटी म्हणाली, "प्रभूनं मला वर काढलं. का काढलं, ते त्याला म्हाईत. पण अक्काला सांगायची ताकद त्यानं अजून दिली न्हाई. लग्नाच्या आत द्यावी, एवढं मागा माझ्यासाठी." दवाखान्यातली ती म्हातारी तेव्हा हयात नव्हती. आमच्या पाळकसाहेबांची बायको उठून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

सभा संपल्यावर मी मावशीपाशी गेले.

"मावशी, ही साक्ष इंटरनेटवर टाकू का? लई जणांना आधार होईल."

"माझी? माझ्यात काय हाय आधार?"

"नाव टाकत नाही. तोंड पण दाखवत नाही. नुसता आवाज."

तिनं चप्पल पायात सरकवली. थोडा विचार केला. "गावाकडं तर न्हाई ना जाणार?"

"नाही गं. आपल्या प्रार्थनेचं तिकडं कोण ऐकायलंय?"

मी खोटं बोलले नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. आपलं काम ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांच्यापर्यंत जावं म्हणून मी दिवसरात्र धडपडत होते आणि तरी तिच्या गावात ते जाणार नाही, असंही मानत होते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी कशा राहिल्या, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

"मग तुझ्या मनानं कर," ती म्हणाली. "शिकलेली हायस तू."

साक्ष लांब होती. व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल अशी करायची तर फार कमी करणं भाग होतं. मी क्लासच्या कॉम्प्युटरवर बसले. आधी थांबे काढले. मग तांब्याची हकीकत काढली, कारण ती रेंगाळत होती. तिच्यासोबत "वाजवू का रे" आणि "वाजव" हेही गेलं. जावेला सांगायच्या ताकदीचं मागणं काढलं, कारण ते घरगुती वाटलं. मग सगळ्यात भारी वाक्य शोधलं आणि पुढे आणून ठेवलं. "मी त्या लेकराचा हात सोडला." त्यानंतर अंधार, माती, दुसऱ्या दिवसाची दुपार आणि शेवटी, "प्रभूनं मला वर काढलं." मागे सूर्योदयाचं चित्र लावलं. नाव दिलं, भूकंपातला चमत्कार.

ती इतकी पसरली की आमची आधीची कुठलीच गोष्ट तेवढी पसरली नव्हती. सरांनी सुद्धा बघितली. "बघा, सुरुवात कशी पाहिजे," ते म्हणाले. मूळ रेकॉर्डिंग मी त्याच आठवड्यात पुसून टाकलं. परीक्षा जवळ आली होती, क्लासच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी मी दुपारी मावशीकडे जेवायला गेले होते. पंगत बसली होती. मावशी वरण वाढत होती. दारात जाऊ येऊन उभी राहिली. चपला काढल्या नाहीत.

"अगं अक्का, फोन न्हाई, काही न्हाई. ये की आत," मावशी म्हणाली.

"त्याचा हात सोडलास तू?"

मावशीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"वसरीवर बसून आयकलं मी," जाऊ म्हणाली. "शेजारणीच्या सुनेच्या फोनवर. त्या म्हणायल्या, कुणाची तरी लई चांगली गोष्ट हाय, आयका. तुझा आवाज मला कळणार न्हाई का? झोपेत गेला म्हणलीस मला. दवाखान्यात. तोंडावर."

"अक्का, बस आधी. पाणी पी."

"पाणी नगं मला."

पोरांचे हात ताटात थांबले होते. जाऊ वळली आणि गेली. मावशी तिच्या मागे निघाली, पण पायामुळे ती गल्लीच्या तोंडापर्यंत पोचली तोवर रिक्षा निघून गेली होती. परत येऊन तिनं राहिलेल्या पोरांना वरण वाढलं. मग माझ्याजवळ आली. मला वाटलं, ती मला बोलेल. ती म्हणाली, "तू दाखव बरं मला, काय टाकलंस ते."

तिनं तोपर्यंत ऐकलंच नव्हतं. मी फोन तिच्या हातात दिला. तिनं तो कानाशी धरून पूर्ण ऐकलं. "तांब्याचं कुठाय ह्यात?" तिनं विचारलं.

"ते... लांब होत होतं, मावशी."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि भांडी गोळा करायला लागली.

मी तो व्हिडिओ त्याच दिवशी काढून टाकला, पण काढला तो फक्त आमच्याकडून. लोकांच्या फोनमध्ये गेलेला कुठून काढणार? पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला पण आनंद झाला व्हता, पोरी. किती लोकांनी बघितलं म्हणून मी रोज तुला विचारत व्हतो. तुझ्या एकटीच्या अंगावर घेऊ नगं." पण घेतल्यावाचून राहवत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी आणि मावशी एस.टी.नं तिच्या गावाला गेलो. भूकंपानंतर सरकारनं वसवलेलं गाव, सरळ रेषेत घरं, सगळी सारखी. जाऊ अंगणात तूर निवडत होती. तिनं आम्हाला बसायला सांगितलं. मावशीनं तिला सगळं सांगितलं, जसं सभेत सांगितलं होतं तसंच, थांबत थांबत. तांब्या, दगड, वरच्या माणसांचे आवाज. त्यानं "वाजव" म्हटलेलं.

जावेचे हात सुपात थांबले होते. "हे आता म्हणायलीस," ती म्हणाली. "फोनमधी तर हे न्हवतं."

"व्हतं," मी म्हणाले. "मी काढलं ते. मावशीनं सगळं सांगितलं होतं, मी कापलं."

"का कापलंस?"

मी तेच सांगितलं. "लांब होत होतं."

"लांब होत होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती ते वाक्य समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. "माझं लेकरू बोललेलं हाय ते. शेवटचं. तेवढंच लांब व्हत व्हतं?"

"मला ते पूर्ण आयकव," सूप बाजूला ठेवून ती म्हणाली. "तिच्या तोंडून तेव्हाचं. मग बघू."

मला सांगावं लागलं की ते आता नाही. पुसलं गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मावशीकडे. मला त्या नजरेत दिसलं की तिला आमच्यावर विश्वास ठेवायचा होता आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. जे होतं ते त्या फोनमधलं होतं, आणि त्यात मावशीनं हात सोडला होता आणि देवानं तिला वाचवलं होतं.

मावशी म्हणाली, "अक्का, मी तुला लग्नाच्या आत सांगणार व्हते."

"जगाला आधी सांगितलंस," जाऊ म्हणाली. "मग मला."

तिनं आम्हाला चहा दिला. आम्ही तो प्यायलो आणि परत आलो.

नांदेडच्या बाईचा फोन आला. "ताई, ती भूकंपाची साक्ष दिसत नाही आता. मी ती रोज ऐकायचे. माझ्या मुलाचा हात पण मला धरता आला नाही, म्हणून." मी काहीतरी सबब सांगितली. त्या कापलेल्या साक्षीनं त्या बाईला खरंच जगवलं असेल. मी ते नाकारत नाही. पण तो आधार मी कुणाच्या घरातून उचलून नेला होता, ते तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. पाळकसाहेबांचे उपदेश आणि भजनं मी अजून टाकते. साक्षी टाकत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी कॅमेरा पिशवीतून काढतच नाही. मावशी दारापाशीच बसते. परत कधी उठली नाही.

लग्नाची पत्रिका आली. मावशीच्या नावानं, पोस्टानं. मावशीनं मला सोबत नेलं. मांडवात आम्हाला पुढच्या रांगेत खुर्च्या दिल्या, पाहुण्यांना देतात तशा. जाऊ स्वतः हातात ट्रे घेऊन आली, पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं, पायाचं विचारलं. मुलगी नवरीच्या साडीत येऊन मावशीच्या पाया पडली आणि गळ्यात पडून रडायला लागली, तेव्हा कोणीतरी तिला म्हणालं, "चल, मुहूर्त टळंल." ती गेली. स्वयंपाकाला उदगीरकडचे आचारी लावले होते. मांडवाच्या मागे मोठ्या चुली पेटल्या होत्या आणि घरातल्या सगळ्या बायका तिकडे ये-जा करत होत्या. ज्या बाईनं बावीस वर्षं लातूरला पोरांच्या पंगती उठवल्या ती मांडीवर पिशवी धरून खुर्चीवर बसली होती.

मधेच तिनं मान वळवून हवेत वास घेतला. मग माझ्या कानाशी वाकली.

"वरणाची फोडणी करपली त्यांची," ती म्हणाली. "सांगू का जाऊन?"

मी मागे बघितलं. जाऊ चुलीपाशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. मी काही बोलायच्या आत मावशीनं पिशवी मांडीवर नीट केली.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांचे आचारी हायत."